ट्रेलरचा ब्रेक खरोखर लागतो का?



आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत असतो. सुट्टीत इंदूरला आला तेव्हा आवर्जून शाळेत भेटायला आला. त्याच्याकडे पिकअप ट्रक आहे. मागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून सारे कुटुंब फिरायला जाते. एकदा उतारावर त्याने ब्रेक दाबला, तर ट्रेलरनेच ट्रकला मागून ढकलले. समोर डॅशबोर्डवर मात्र ‘ट्रेलर जोडलेला आहे’ अशी सूचना व्यवस्थित दिसत होती.

असे का व्हावे? तिकडच्या अशा बऱ्याच ट्रेलरच्या चाकांत विद्युतचुंबक असतो. (मी हिंदी माध्यमात शिकलो, तिथेही शब्द हाच होता.) वीज मिळाली की तो चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, त्याने एक दांडी हलते आणि ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. वीज जितकी जास्त, तितकी पकड घट्ट. ही वीज किती सोडायची हे ब्रेक कंट्रोलर ठरवतो. पूर्वी तो बाजारातून आणून बसवावा लागे. फोर्ड कंपनीने २००५ च्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये तो कारखान्यातूनच बसवून दिला, पुढे इतरांनीही दिला.

डॅशबोर्डवरची सूचना फक्त तारा जोडल्याचे सांगते. चाक किती धरले जाईल, ते ‘गेन’ नावाच्या आकड्यावर ठरते. आपल्या विद्यार्थ्याच्या ट्रकमध्ये तो आकडा अगदी खाली होता!

म्हणून खरी परीक्षा रस्त्यावरच. सपाट, कोरडा, रिकामा पक्का रस्ता निवडायचा. ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने जाताना पायाचा ब्रेक न दाबता कंट्रोलरची हाताची कळ पूर्ण दाबायची. तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलरची चाके जाम होऊन घसरली तर गेन कमी करायचा, ओढ जाणवलीच नाही तर वाढवायचा. चाके जाम होण्याच्या किंचित अलीकडे थांबायचे. सामान वाढले-घटले किंवा पाऊस आला की पुन्हा तपासायचे.

उभ्या गाडीत मीटर लावणारे मात्र फसतात. काही ट्रकमध्ये गाडी थांबलेली असताना कंट्रोलर मुद्दामच कमी वीज सोडतो. लोकांना वाटते तो बिघडला, आणि चांगला भाग बदलला जातो. वीज चाकापर्यंत पोहोचते की नाही एवढेच पाहायचे असेल, तर एकाने कळ दाबावी, दुसऱ्याने ड्रमजवळ होकायंत्र धरावे. सुई हलते. आठवी-नववीच्या मुलांनी हा प्रयोग खिळा, तार आणि सेल घेऊन प्रयोगशाळेत जरूर करावा.

आपल्याकडच्या मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तिथे हा कंट्रोलर नसतो. आणि गहू घेऊन मंडीत येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या? त्यांतल्या बहुतेकांना ब्रेकच नसतो. उतारावर अशा ट्रॉलीच्या पुढे सायकल काढू नका.

ट्रेलर वाटेत सुटलाच तर त्याच्यावरची छोटी बॅटरी आपोआप ब्रेक लावते. त्यासाठी ट्रकला बांधलेल्या दोरीने एक पिन ओढली जाते. ही पिन तपासताना आधी ट्रकचा प्लग काढावा, नाहीतर कंट्रोलर बिघडू शकतो. पिन लगेच परत बसवावी, नाहीतर बॅटरी उतरते.

आपला विद्यार्थी आता भरल्या ट्रेलरला गेन साडेपाचवर ठेवतो, रिकाम्याला चारवर.