एटीएमला होकार कोणी दिला?

११ ऑगस्ट २०१८. कोल्हापुरातल्या काही एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, सुमारे ८९ लाख रुपये. पैसे होते पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. त्याच दिवशी २८ देशांतील एटीएममधूनही हेच चालले होते. १३ तारखेला हाँगकाँगला वळवलेली रक्कम धरून बँकेचे ९४ कोटींहून अधिक गेले.

एटीएमला आपल्या खात्यात किती शिल्लक आहे हे ठाऊक नसते. ते 'स्विच' नावाच्या संगणकामार्फत बँकेला विचारते आणि 'द्या' असे उत्तर आले, की नोटा सोडते. चोरांनी मध्येच स्वतःचा खोटा स्विच बसवला. प्रश्न बँकेच्या खातेवहीपर्यंत पोचेच ना. वाटेतूनच 'द्या' जाई. म्हणून ग्राहकांच्या खात्यांतली रक्कम कमी झाली नाही, फटका बँकेला बसला.

बँकेच्या जाळ्यात परका प्रोग्रॅम शिरतो कसा? नेहमीची वाट अगदी साधी असते. 'बिल सोबत जोडले आहे' अशी ई-मेल येते आणि कामाच्या घाईतला कर्मचारी ती फाईल उघडतो. आपल्या शाळेच्या कार्यालयातही अशा मेल येतात. शंका आल्यास पाठवणाऱ्याला फोन करावा. मात्र नंबर मेलमधला नको, आपल्या वहीतला घ्यावा. चुकून फाईल उघडलीच, तर लगेच सांगावे. रागावणारा साहेब असला की नेमके हेच लपवले जाते!

वर्गात करून पाहा. एक मुलगा एटीएम, एक मुलगी बँक, तिसरा चिठ्ठ्या नेणारा. तिसऱ्याच्या कानात सांगा, चिठ्ठी पोचवू नकोस, स्वतःच 'द्या' लिही. मग एटीएम आणि बँक यांना आपसांत एक गुप्त खूण ठरवू द्या, आणि खेळ पुन्हा सुरू करा.