खपली निघेपर्यंत

पर्मनंट मेकअपच्या जाहिरातीत दोनच छायाचित्रं असतात, आधीचं आणि नंतरचं. मधला महिना कुणी दाखवत नाही, आणि पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओतून भुवया कोरून बाहेर पडणाऱ्या बाईच्या वाट्याला तर नेमका तोच येतो. मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांच्या पात्याने त्वचेवर चिरा पाडून त्यांत रंग भरतात. कितीही देखणी असली तरी ती जखमच. पहिले काही दिवस भुवई नको तितकी गडद दिसते. आठवडाभरात पातळ खपली सुटू लागते आणि खालचा रंग इतका फिका दिसतो की पैसे वाया गेले असं वाटावं. प्रत्यक्षात त्यावर नवी त्वचा आलेली असते. ती स्थिरावली की चार ते सहा आठवड्यांत रंगाची खरी छटा कळते. हा रंग टिकवून धरतं ते शरीरच. मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या गोंदलेल्या त्वचेत दाखवलं, की मॅक्रोफेज नावाच्या पेशी रंगाचे कण गिळून बसतात आणि त्या मेल्या की सुटलेले कण नव्या पेशी उचलतात. म्हणूनच मला वाटतं, या महिन्यात भुवया बिघडतात त्या हेळसांडीने जितक्या, तितक्याच अति काळजीनेही.

कारण आपल्याला स्वस्थ बसवत नाही. कुणी हळद सुचवतं, कुणी कोरफड, आणि घरातली स्टिरॉइडची ट्यूब तर हाताशी असतेच. डॉक्टरांना न विचारता लावलेलं स्टिरॉइड जखम भरणं लांबवतं. सावळ्या त्वचेला चुरचुरणारं काही लागलं तर मागे काळपट डाग उरू शकतो. आणि नखाने ओढलेली खपली रंग घेऊनच निघते. स्वच्छ हातांनी हलकं धुणं, टिपून कोरडं करणं, सांगितलं असेल तेवढंच मलम अगदी पातळ लावणं, बस्स. पुण्यात खरी अडचण वेगळीच आहे: दुचाकी. कपाळापर्यंत आवळलेला स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट रोज जाता-येता भुवयांवर घासतं. हेल्मेट काढून ठेवणं हा उपाय नव्हे. खपली पडेपर्यंत रिक्षा, मेट्रो किंवा पीएमपीची बस बरी. पोहण्याचा तलावही तोवर बंद.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आपल्या आज्या-पणज्यांनी गोंदून घेतलं, वर हळद चोपडली, त्यांना काय झालं? काही जणींना झालंही असेल. त्याची नोंद ठेवली कुणी? शिवाय हनुवटीवरचा काजळीचा ठिपका थोडा पसरला तरी बिघडत नसे. भुवईतला केसाएवढा फराटा पसरला तर तो चेहऱ्याच्या मधोमध दिसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काम करणारीनेच स्वच्छता पाळली नाही तर घरी काळजी घेऊन काय उपयोग? खरंच, फारसा नाही. स्वित्झर्लंडमध्ये एकाच कलाकाराकडून भुवया करून घेतलेल्या १२ जणांना मायकोबॅक्टेरियमचा चिवट संसर्ग झाला. रंग पातळ करायला वापरलेल्या नळाच्या पाण्यात तोच जंतू सापडला. तेव्हा सुई आपल्यासमोर फोडली का आणि रंगात काय मिसळलं, हे विचारायला संकोच नको. आणि आठवड्यानंतरही लाली वाढत असेल, पू येत असेल, गाठी उठत असतील किंवा कानापुढे सूज आली, तर स्टुडिओला फोटो न पाठवता थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

घाई मात्र बहुतेकदा लग्नाची असते. पहिली बैठक, सहा-आठ आठवड्यांनी टच-अप, मग पुन्हा भरून येण्याचा महिना, असे तीन महिने सहज जातात. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला असेल तर श्रावण लागतानाच काम सुरू करावं. नाहीतर ओल्या जखमेवरच हळद लागायची, आणि त्या दिवशी नवरीला कोण सोडतंय!