मैदान कुणाच्या बापाचं?

‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. पालघरात एखाद्या मंडळाला नगरपरिषदेच्या मैदानावर व्याख्यानमाला घ्यायची असो, की बोईसरात तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना सभा भरवायची असो, असा कागद हातात पडला की बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो. साहेबांनी नाही म्हटलं, विषय संपला! पण या एका ओळीच्या कागदालाच उलट जाब विचारता येतो. आणि तो कसा विचारायचा हे ठरत ठरत गेलं सव्वाशे वर्षं, बोस्टनपासून दादरपर्यंत. आहे की नाही गंमत?

मूळ प्रश्न अगदी साधा आहे. सार्वजनिक मैदान नेमकं कुणाचं?

1890च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनच्या बागेत एका धर्मोपदेशकाने महापौरांची परवानगी न घेता भाषण केलं आणि त्याच्यावर खटला भरला गेला. न्यायमूर्ती होम्स यांचं उत्तर रोखठोक होतं: घरमालक जसा आपल्या घरात कुणाला येऊ द्यायचं ते ठरवतो, तसाच बागेबाबत सरकारचा अधिकार. 1897 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे मैदान नगरपालिकेचं, तुम्ही पाहुणे. आजही कित्येक कार्यालयांतल्या टेबलामागे हाच विचार ठाण मांडून बसलेला दिसतो!

मग 1939 उजाडलं. जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग कामगार संघटनेला सभाच घेऊ देत नव्हते. या वेळी न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी पारडं फिरवलं. रस्ते आणि बागा कागदोपत्री कुणाच्याही नावावर असोत, त्यांचा सांभाळ लोकांसाठी, विश्वस्त म्हणून होतो. जमायला, बोलायला, चर्चा करायला. मालक एका फटक्यात विश्वस्त झाला.

आता बघा, ही कल्पना समुद्र ओलांडून कुठे आली. अहमदाबादेत! हिंमतलाल शाह यांना सप्टेंबर 1969 मध्ये रस्त्यावर जाहीर सभा घ्यायची होती. पोलिसांनी नकार दिला. आधार होता मुंबई पोलीस अधिनियम, 1951 खालच्या एका नियमाचा. होय, मुंबईचाच कायदा. 1960 पर्यंत अहमदाबाद आपल्याच राज्यात होतं ना. हाच कायदा आज ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम’ या नावाने पालघरलाही लागू आहे. गुजरात उच्च न्यायालयात शाह हरले. पण 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो नियमच रद्द केला, आणि न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी आपल्या निकालपत्रात जर्सी सिटीच्या त्या खटल्याचाही विचार केला.

निकालातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. परवानगी मागायला लावणं चूक, असं न्यायालय म्हणालं नाही. रहदारी आहे, गर्दी आहे. वेळ, जागा, रस्ता यांचं नियमन हवंच. चूक होती ती ही, की परवानगी कधी द्यायची आणि कधी नाकारायची, याचा एकही निकष नियमात नव्हता. सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 ने दिलेला शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क मर्जीवर टांगून ठेवता येत नाही. पालघरकरांना हा हक्क पुस्तकातून शिकायची गरजच नाही. ‘चले जाव’ चळवळीत, 14 ऑगस्ट 1942 ला, कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि 5 जण हुतात्मा झाले, ते याच गावात.

बरं, नकाराला निकषात बसणारं कारण हवं, हे मान्य. पण कारण नंतर शोधलं तर?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या अंधेरीत सापडतं, एका न बांधलेल्या सिनेमागृहात! गोरधनदास भानजी यांना पोलीस आयुक्तांनी 1947 मध्ये बांधकामाची परवानगी दिली आणि काही महिन्यांत काढून घेतली. पत्रात लिहिलं होतं की सरकारच्या निर्देशावरून परवानगी रद्द केली जात आहे. कोर्टात मात्र आयुक्त म्हणाले, निर्णय माझाच होता. 1951 मध्ये न्यायमूर्ती विवियन बोस यांनी हे साफ झिडकारलं. आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा, मागाहून दिलेल्या खुलाशांवरून नाही. दुकानदाराने बिल फाडून हातात दिल्यावर त्यात नवे रकाने कसे घालणार? आणि कायद्याने ज्याला अधिकार दिला, त्याने तो स्वतःच वापरायचा. वरून फोन आला म्हणून नाही. (हे शेवटचं वाक्य फ्रेम करून काही केबिनमध्ये लावावं असं मला फार वाटतं.)

आता दादरला या. 2022 चा दसरा. शिवसेनेच्या दोन्ही गटांना दसरा मेळाव्यासाठी शिवाजी पार्क हवं होतं. अर्ज ऑगस्टमध्येच गेले होते. 21 सप्टेंबरला महापालिकेने दोघांनाही नकार दिला. कारण? पोलिसांचा अहवाल: एकाला परवानगी दिली तर कायदा व सुव्यवस्था बिघडेल. किती सोयीचं, नाही? उद्धव ठाकरे गट उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती धनुका आणि न्यायमूर्ती खाता यांच्या खंडपीठाने 23 सप्टेंबरला, म्हणजे दोनच दिवसांत, नकार रद्द केला. वर्षानुवर्षं तिथे हा मेळावा होत आला होता आणि 2016 च्या शासन निर्णयातही त्याला जागा होती. दुसरा कुणीतरी येऊन धुडगूस घालेल, या भीतीपोटी शांतपणे जमणाऱ्याचं मैदान काढून घेता येत नाही. 2 ते 6 ऑक्टोबर मैदान मिळालं, पण अटींसह: पोलिसांनी चित्रीकरण करावं, आणि गडबड झाली तर पुढच्या परवानगीवर त्याचा परिणाम होईल.

याचा अर्थ प्रत्येक नकार खोटा असतो असं मुळीच नाही. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक नको, त्याच तारखेला मैदान आधीच दुसऱ्याला दिलंय, अग्निशमनाची सोय नाही, ही कारणं कोर्टातही टिकतात. मनाई आदेश असेल तर तोही पाळावाच लागतो. पण त्यालाही मुदत असते बरं का! पोलीस अधिनियमाच्या कलम 37(3) खाली जमावबंदी 15 दिवसांपुढे न्यायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते.

आपल्याकडे खरी फजिती होते ती दार कोणतं ठोठावायचं यात. पालघर शहरात नगरपरिषद, बोईसरला एवढी लोकवस्ती असूनही ग्रामपंचायत, काही मोकळे भूखंड एमआयडीसीचे, आणि पोलिसांची परवानगी याहून निराळी. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. म्हणून अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायचीच. तोंडी नकाराला आव्हान देणं जड जातं, कारण कोर्टाला तपासायला शब्दच नसतात. लेखी नकार आला, की नगरपरिषदेच्या बाबतीत आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम 308 त्यांना परिषदेचा आदेश स्थगित करण्याचा अधिकार देतं. आणि अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय आहेच, डहाणू लोकलच्या शेवटच्या स्थानकापासून, चर्चगेटपासून, चालत जाण्याच्या अंतरावर.

फक्त घड्याळाकडे लक्ष हवं. हिंमतलाल शाह जिंकले तेव्हा त्यांच्या सभेची तारीख उलटून तीन वर्षं झाली होती.