अधारताल, पहाटेचे ४:२१ आणि दोन सेलचा ट्रान्झिस्टर

राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाचं हे तळं आणि त्याच नावाची जबलपूरमधली ही वस्ती. २२ मे १९९७ ला पहाटे ४:२१ ला इथली जमीन हादरली. तीव्रता ५.८, केंद्र जमिनीखाली साधारण ३५ किलोमीटरवर. जबलपूर परिसरात तिसाहून जास्त माणसं गेली. (योगायोग बघा, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटे ४:२१ चाच!)

आम्हा रेडिओवेड्यांना अशा वेळी हटकून मीडियम वेव्ह आठवते. एफएमचा आवाज गोड, पण टप्पा छोटा; मधे टेकडी आली की अडतो. मीडियम वेव्ह जमिनीलगत दूरवर सरकते आणि रात्री आकाशातल्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर ऐकू येते. गावातलं रेडिओ केंद्र बंद पडलं, तरी दुसऱ्या शहरातलं लागतं.

भूकंप आधी सांगता येत नाही, रेडिओलाही नाही. त्याचं खरं काम नंतरचं. ‘आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार’ ही अफवा प्रत्येक भूकंपामागे येतेच. ओळखीच्या निवेदकाच्या आवाजात ‘अशी वेळ कुणालाच सांगता येत नाही’ एवढं ऐकलं, तरी लोक जरा सावरतात. भेगा पडलेल्या घरात झोपू नका, गॅस बंद करा, हेही एकाच वेळी हजारोंपर्यंत पोचतं. वीज नको, नेटवर्क नको.

फक्त वापर नसताना सेल ट्रान्झिस्टरच्या बाहेर ठेवा. आतच राहिले की गळतात.