व्हॅन सुटण्याआधी

वर्धा जिल्ह्यात व्हॅनशिवाय फारसं कुणाचं भागत नाही. आष्टी-कारंज्याकडून म्हातारीला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तपासायला आणायचं असो, हिंगणघाटहून नागपूरला लग्नाचा बस्ता बांधायला जायचं असो, की सकाळी पोरांना शाळेत पोहोचवायचं असो, दारात येऊन उभी राहते ती एमएच-32 पासिंगची ईको, नाहीतर एखादी जुनी ओमनी किंवा टाटा मॅजिक. ओमनीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं तरी खेड्यापाड्यांत ती अजून धावते. ईको 2010 पासून आहे. या गाड्यांत माणसं भरपूर मावतात, सामान मावतं, दुरुस्ती गावातच होते. म्हणून त्या टिकल्या. पण त्यांचे दरवाजे, सीट, स्टेअरिंग आणि बेल्ट नीट कसे वापरायचे, हे आपल्याकडे कुणी बसून समजावून सांगत नाही.

आधी बांधणी लक्षात घ्या. साध्या कारमध्ये इंजिन पुढे, बॉनेटखाली असतं. टक्कर झाली तर तो पुढचा भाग चुरगळतो आणि माणसापर्यंत पोहोचणारा धक्का थोडा कमी होतो. ओमनी-ईकोसारख्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये चुरगळायला पत्रा फार थोडा उरतो. त्यामुळे कारमध्ये बेल्ट जितका गरजेचा, त्याहून व्हॅनमध्ये तो जास्त गरजेचा आहे. प्रत्यक्षात आपण नेमकं उलट वागतो. कारमध्ये बेल्ट लावणारा माणूस व्हॅनमध्ये बसला की तो लावत नाही, कारण व्हॅन म्हणजे जवळच जायची गाडी, असं मनात बसलेलं असतं.

आता दरवाजा. सरकत्या दाराचा मोठा फायदा म्हणजे ते बाहेर उघडत नाही, त्यामुळे मागून येणारा सायकलवाला त्यावर आदळत नाही. पण ते नीट लागलं की नाही, हे पटकन कळत नाही. या दाराच्या कुलपाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दार नुसतं अडकतं. आतून ते बंद दिसतं, पण खड्ड्यात गाडी आदळली किंवा कुणी त्याला टेकलं तर सुटू शकतं. देवळीकडे व्हॅन चालवणारे एक दादा नव्या पोरांना सांगतात, "पह्यला टक झाला म्हणजे दार लागलं असं नाही जी, दुसरा टक आयकू आला पायजे." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. दुसऱ्या टप्प्यात दार आतल्या अंगाला ओढलं जातं आणि त्याची कड गाडीच्या पत्र्याशी एकसारखी होते. बाहेरून त्या सांध्यावरून तळहात फिरवून पाहा. एक बाजू वर आलेली लागली, तर दार अर्धवट आहे. ते आतून ओढत बसू नका. पुन्हा पूर्ण उघडा आणि एका दमात सरकवा.

दार लागत नसेल तर दोष बहुतेक वेळा कुलपाचा नसतो, खालच्या पन्हळीचा असतो. दाराचं चाक ज्या पट्टीतून धावतं तिथे काळी माती सुकून दगडासारखी बसते, कापसाचे धागे अडकतात, पोरांनी खाल्लेल्या चिप्सचा चुरा साचतो. आठवड्याला एकदा ती पन्हळ ब्रशने साफ करून, फडक्याने पुसून थोडं ग्रीस लावलं तर दार हलकं चालतं. हलकं चालणारं दार माणूस नीट लावतो. जड दार तो कसंतरी ढकलून सोडून देतो.

सरकतं दार पूर्ण मागे गेलं की तिथेही एक खटका बसतो आणि ते उघडं राहतं. अर्ध्यावर सोडलेलं दार मात्र उतारावर आपोआप धावतं आणि चौकटीवर हात ठेवून उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची बोटं चेंगरतात. म्हणून गाडी उतारावर उभी असेल तर शेवटचा माणूस उतरेपर्यंत दार एकाने धरून ठेवावं. दोन्ही बाजूंना सरकती दारं असली तरी माणसं फक्त डाव्या, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या बाजूने उतरवावीत. उजवीकडचं दार आतून लॉक ठेवावं. दाराच्या कडेला लहान मुलांसाठी वेगळं लॉक असेल तर ते लावावं. मग ते दार फक्त बाहेरूनच उघडतं. निघताना साडीचा पदर, ओढणी, दप्तराचा पट्टा दारात अडकलेला नाही ना, हे बघायला दोन सेकंद लागतात.

पुढचे दरवाजे मात्र बाहेर उघडतात. चालकाने आपलं उजवं दार डाव्या हाताने उघडायची सवय लावावी. हात अंगावरून आडवा नेला की खांदा आणि मान आपोआप मागे वळते, आणि मागून येणारी दुचाकी दिसते. वर्ध्याच्या बजाज चौकासारख्या गर्दीत या एका सवयीने एखाद्याचा जीव वाचेल. डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने दार उघडावं.

सीटची जागा गाडी सुरू करण्यापूर्वी ठरवायची, चालत्या गाडीत कधीच नाही. खालचा दांडा उचलून सीट पुढेमागे सरकवली की दांडा सोडून कंबरेने एकदा पुढे आणि एकदा मागे जोर द्या. सीट हलली तर ती खाचेत बसलेली नाही. अशी सीट ब्रेक दाबताच सरकते आणि पाय ब्रेकवरून निसटतो. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाठ टेकून हात लांब केला तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. एअरबॅग असलेल्या गाडीत छाती आणि स्टेअरिंग यांच्यात निदान 25 सेंटीमीटर अंतर ठेवा. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या जवळ असावी. ते मानेखाली राहिलं तर मागून धक्का बसल्यावर मान त्यावरून मागे मोडते. जुन्या सुमो-बोलेरोत मागे समोरासमोर आडवे बाक असतात. त्यावर पोरं आणि म्हातारी माणसं बसवू नयेत, कारण तिथे पुढून येणारा धक्का कशानेच अडत नाही.

आता बेल्ट. तीन ठिकाणी अडकणारा आजचा बेल्ट स्वीडनच्या निल्स बोलिन या अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी 1959 मध्ये तयार केला आणि कंपनीने तो इतर सगळ्यांना वापरू दिला. त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. खांबात बसवलेल्या डबीत पट्टा एका रिळावर गुंडाळलेला असतो आणि स्प्रिंग तो हलकेच ओढून धरते. तुम्ही सावकाश वाकलात तर रीळ सुटतं, म्हणून पट्टा जाचत नाही. गाडी एकदम थांबली की डबीतला एक छोटा लोलक किंवा गोळी पुढे झुकते, खटका रिळाच्या दात्यात अडकतो आणि पट्टा तिथेच थांबतो. पट्टा जोरात ओढला तरी रीळ अडतं. घरी तपासायचं असेल तर उभ्या गाडीत पट्टा हाताने झटक्यात ओढा. अडला तर ठीक. अडला नाही, किंवा सोडल्यावर तो आत गुंडाळला गेला नाही, तर तो बेल्ट निकामी समजा. एका मोठ्या अपघातात ताणला गेलेला बेल्टही बदलावाच लागतो. त्याचे धागे आतून सैल झालेले असतात.

ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी जागच्या जागी थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा मार साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. त्या क्षणी मांडीवरचं 10 किलोचं बाळ जवळजवळ 200 किलोच्या ओढीने पुढे जातं. जगातली कुठलीही आई हातांनी ते धरू शकत नाही, म्हणून बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणं थांबलंच पाहिजे. बाळाला मागच्या सीटवर, बेल्टने नीट आवळता येईल अशा लहान मुलांच्या सीटमध्ये ठेवावं. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट एअरबॅगसमोर कधीही लावू नये.

खालचा पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध आणि छातीच्या हाडावरून यावा; मुलाच्या मानेला तो घासत असेल तर ते अजून उंचीने लहान आहे, त्याला उंच बसायची सीट हवी. पट्टा काखेखालून घेणं धोक्याचं आहे, कारण मग सगळा भार बरगड्यांवर येतो. साडी नेसलेल्या बाईने पदराचा जाड बोळा पट्ट्याखाली राहू देऊ नये. पदर सपाट करून मग पट्टा अडकवावा, नाहीतर तितकी ढील पट्ट्यात राहते. सीट पूर्ण मागे पाडून झोपलेल्या माणसालाही बेल्टचा उपयोग नाही. तो पट्ट्याखालून सरकून जातो.

मागच्या सीटवर बेल्ट लागत नाही, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले, आणि त्यांनी बेल्ट लावलेले नव्हते. पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार न लावल्यास 1000 रुपये दंड आहे, आणि 14 वर्षांखालच्या मुलाला न बांधल्यासही तितकाच. बझर वाजू नये म्हणून रिकाम्या खाचेत क्लिप खुपसणारे लोक मी जागोजागी पाहतो. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपांची ऑनलाइन विक्री थांबवायचे आदेश दिले. घरात असेल तर ती फेकून द्या.

स्टेअरिंगबद्दल एक गोष्ट सगळ्यात आधी. चालत्या गाडीची चावी कधीही बंद करू नका. डिझेल-पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची खोड जुन्या चालकांना आहे, तळेगावच्या सत्याग्रही घाटातही. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि चावी बाहेर काढली तर स्टेअरिंगला कुलूप लागतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग अडकलं असेल तर ते हलकेच डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा, सुटतं. चावीवर जोर देऊ नका, ती आत मोडते.

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. पावसाळ्यात आपल्या डांबरी रस्त्याची कड काळ्या मातीत संपते आणि तिथे डावं चाक उतरलं की माणूस घाबरून स्टेअरिंग उजवीकडे झटकतो. चाक कडेला घासत राहतं, मग एकदम वर चढतं, आणि गाडी समोरच्या ट्रकवर जाते किंवा उलटते. व्हॅन उंच आणि अरुंद, त्यात माणसं वरपर्यंत भरलेली, ती लवकर कलंडते. चाक खाली गेलं तर स्टेअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग बराच कमी झाल्यावर हळूच वर घ्या. रात्री रोही किंवा रानडुक्कर आडवं आलं तरी हेच: ब्रेक दाबा, स्टेअरिंग सरळ ठेवा. जिल्ह्यातल्या कित्येक पुलांचे कठडे ठेंगणे आहेत. 24 जानेवारी 2022 च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळून सावंगीच्या मेडिकल कॉलेजचे सात विद्यार्थी दगावले, हे वर्धेकर विसरलेले नाहीत. येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथली 120 ची मर्यादा हा सर्वाधिक वेग आहे. भरलेल्या व्हॅनला तो पेलणारा नाही.

गाडी उलटली तर कुठून निघायचं, हे आधीच ठरवलेलं असावं. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटलेली खासगी बस डाव्या कुशीवर पडली, दार खाली दबलं, आग लागली आणि 25 जण गेले. त्यांत वर्धा जिल्ह्यातले अनेक होते. वाचलेल्यांपैकी काही काच फोडून निघाले. व्हॅनमध्ये डावं दार, उजवं दार, मागचं दार आणि काचा, एवढ्या वाटा असतात. त्या बॅगांनी बुजवू नका. काच फोडायची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी बांधून ठेवा. फटका मारायचा तो काचेच्या मधोमध नाही, कोपऱ्यात. पुराच्या पाण्यात गाडी गेली तर आधी बेल्ट सोडा, लगेच काच खाली घ्या आणि खिडकीतून निघा. दाराची वाट पाहू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही.

मे महिन्यात वर्ध्यात पारा 45 च्या वर जातो. उन्हात उभ्या व्हॅनमध्ये बेल्टची धातूची जीभ हाताला चटका देते आणि आतली हवा काही मिनिटांत जीवघेणी होते. पाच मिनिटांसाठीसुद्धा लेकराला आत ठेवून दार लावू नये. शाळेच्या व्हॅनच्या चालकाने फेरी संपली की मागच्या सीटपर्यंत स्वतः जाऊन, खाली वाकून बघावं. झोपलेलं मूल सीटच्या आड दिसत नाही.

महाराष्ट्रात स्कूल बससाठी 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत आणि शाळेची परिवहन समिती त्यात सांगितलेली आहे. पालकांनी या समितीला एवढंच विचारावं: आमच्या मुलांच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर किती बेल्ट आहेत, त्यातले किती चालू आहेत, आणि दार लावायला कोण उतरतं? मग सकाळी व्हॅन दारात आली की स्वतः आत जाऊन प्रत्येक पट्टा एकदा झटक्यात ओढून पाहावा.