कुलूप पक्के, पण किल्ली कोणती?

संगणकावरून पाठविलेले पत्र वाटेत कोणी वाचू नये म्हणून अमेरिकेत फिल झिमरमन यांनी १९९१ साली ‘पीजीपी’ ही आज्ञावली तयार केली. तीत प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या, म्हणजे दोन मोठ्या संख्या असतात. जाहीर किल्ली सर्वांना द्यायची, खाजगी किल्ली स्वतःजवळ जपायची. जाहीर किल्लीने लावलेले कुलूप तिच्या जोडीच्या खाजगी किल्लीनेच उघडते. म्हणून पत्र ज्याला पाठवायचे, त्याच्या जाहीर किल्लीने ते बंद करावे लागते.

कुलूप पक्के होते. पण ते लोकांना लावता येते का? आल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ जणांना ९० मिनिटे दिली होती. त्यांपैकी सात जणांनी स्वतःचीच जाहीर किल्ली वापरली. मग पलीकडच्याला पत्र उघडणार कसे? तिघांनी तर गुपित चुकून उघडेच पाठविले!

ही माणसे अडाणी नव्हती. घरच्या कुलपाला एकच किल्ली असते; पडद्यावरच्या किल्लीच्या चित्रावरून दोन किल्ल्यांचे हे गणित कसे उमगावे? व्हॉट्सॲपमध्ये २०१६ पासून किल्ल्यांची निवड आज्ञावलीच करते, आपल्याला ती दिसतही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, सुरक्षेची साधने घडविताना गणिताइतकाच माणसाचाही अभ्यास करावा लागतो, तो यासाठीच.