उकाड्यातले, खारातले आणि उसातले जिवाणू



प्रेसमड आणि पाचटाचा कंपोस्ट ढीग लावल्यावर चार-पाच दिवसांनी त्यात लोखंडी पहार खुपसून ठेवा. थोड्या वेळाने उपसून बघा, हातात धरवत नाही. गटात फिरताना पुष्कळ सभासद आम्हांस विचारतात, "साहेब, एवढ्या उकाड्यात जिवाणू जगायचे कसे? भाजून मरत असतील की!" प्रश्न रास्त आहे. दूध तापवून आपण जंतू मारतोच. मग ढिगात राबतं कोण?

ढिगात एकच जात नसते. सुरुवातीला साधे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्याच कामाने ढीग तापतो आणि ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की त्यांना तो सोसवत नाही. मग उष्णताप्रिय जातींची पाळी येते. या जाती ५५-६० अंशाला खुशाल वाढतात, कारण त्यांची बांधणीच निराळी. जिवाणूच्या अंगाभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. थंडीत तूप थिजते, करडईचे तेल पातळच राहते, हे घरोघरी ठाऊक आहे. उष्णताप्रिय जिवाणूचे आवरण तुपाच्या जातीचे, म्हणून तापले तरी ढिले पडत नाही. बर्फाळ समुद्रातल्या जिवाणूचे तेलाच्या जातीचे, ते गारठ्यात आखडत नाही. दुसरी गोष्ट प्रथिनांची. अंडे उकडले की आतला बलक घट्ट होतो, म्हणजे प्रथिनांची घडी मोडते. या जिवाणूंच्या प्रथिनांची घडी जागोजागी टाके घातल्यासारखी पक्की असते.

अमेरिकेत यलोस्टोन येथील उकळत्या झऱ्यांच्या परिसरात थॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांना असाच एक जिवाणू मिळाला. १९६९ साली त्यांनी त्याला थर्मस ॲक्वाटिकस हे नाव दिले. तो ७० अंशाला उत्तम वाढतो. २०२० साली कोरोनात नाकात काडी घालून जी तपासणी होत असे, तिच्यामागची पीसीआर पद्धत याच जिवाणूच्या एका उष्णता सोसणाऱ्या प्रथिनामुळे सोपी झाली.

मात्र यालाही हद्द आहे. आपला ढीग ७० अंशाच्या वर गेला की राबणारेही मरू लागतात आणि काम थंडावते. म्हणून ढीग पालटायचा. पालटल्याने हवा मिळते, आणि बाहेरच्या गार थरातले तणाचे बी आत जाऊन भाजून निघते. "पालटायला माणूस मिळत नाही" ही सबब आम्ही नेहमी ऐकतो, पण न पालटलेल्या ढिगाचे तण शेवटी खुरपावे आपल्यालाच लागते.

मिठाची तऱ्हा वेगळी. मीठ पाणी ओढून घेते, म्हणून लोणचे टिकते आणि खारवट रानात ओल असूनही ऊस सुकतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारट आणि अत्यंत विम्लधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा तो रंग खारप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. हे जीव बाहेरच्या मिठाला तोलेल इतके पोटॅशियमचे क्षार आपल्या पेशीत साठवतात, त्यामुळे त्यांचे पाणी बाहेर ओढले जात नाही. पण यांनाच गोड्या पाण्यात टाकले तर फुगून फुटतात!

आता आपल्या कामाचा जिवाणू. उसाच्या कांड्यात भरपूर साखर आणि रस आंबटसर. तिथे बहुतेक जिवाणूंचा टिकाव लागत नाही. १९८८ साली ब्राझीलमध्ये कॅव्हलकान्टे व डोबरायनर यांनी उसाच्या मुळांत आणि कांड्यांत राहणारा ॲसिटोबॅक्टर शोधला. दहा टक्के साखरेत तो मजेत वाढतो, तीस टक्क्यांतही तग धरतो, आम्लाला भीत नाही आणि उसाच्या पोटात बसून हवेतला नत्र बांधतो. हल्ली त्याचे शास्त्रीय नाव ग्लुकोनॲसिटोबॅक्टर झाले आहे. पाकिटावर जुनेच नाव दिसले तर गोंधळू नका.

एवढा काटक म्हणून काही सभासद त्याची पाकिटे पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर बैलगाडीवर उन्हात टाकतात. हा गडी साखर सोसतो, ऊन सोसत नाही. त्याला तीस अंशाच्या आसपासचे हवामान मानवते. तापलेल्या पत्र्याखाली पाकिटात नुसती भुकटी उरते. तेव्हा पाकिटे सावलीत, गारव्याला ठेवा आणि रासायनिक खतात मिसळू नका. बेण्याला आधी बुरशीनाशक लावले असेल तर ते सावलीत सुकू द्या. मग १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर व सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू कालवून बेणे ३० मिनिटे बुडवा आणि त्याच दिवशी लावून टाका.